घर उचलून नेणारी काकी

कागद पुढे आला की ती आधी त्याच्यावर तळहात ठेवायची. वाचायच्याही आधी. मग चष्मा कपाळावरून नाकावर आणायची, हात जरा जरा सरकवत ओळ न् ओळ वाचायची आणि पटलं नाही तर तळहात पुन्हा कागदाच्या मधोमध आणून म्हणायची, "तक बोले."

दुबईतल्या रास अल खोरच्या फळबाजारात आमच्या कंपनीचं ऑफिस आणि शीतगृह एकाच आवारात होतं. मी खरेदीच्या विभागात नवीन लागले होते. ती माल तपासणारी. तिच्या सहीशिवाय एकही पेटी बाहेर पडत नसे. पहिल्याच आठवड्यात मॅनेजरने मला तिच्याकडे पाठवलं, एका मालाची प्रत बीवरून ए करून आण म्हणून. तिने तळहात ठेवला, वाचलं आणि म्हणाली, "तक बोले." मला वाटलं हिंदीत 'बोल' म्हणतेय. म्हणून मी बोलतच राहिले. ट्रक उभा आहे, गिऱ्हाईक थांबलंय, अबुधाबीला पोचायचंय. ती शांतपणे ऐकत होती. शेवटी मागे उभा असलेला केरळी लोडर हसत म्हणाला, "मॅडम, वो ना बोल रही है. उसकी भाषा में तक मतलब नहीं, बोले मतलब चलेगा. नहीं चलेगा."

नाही चाललं. माल बी म्हणूनच गेला.

ती मलेशियाची. ऑफिसातले तिच्याकडचे दोघे तिला 'काक' म्हणत. त्यांच्याकडे काक म्हणजे ताई. पण मराठी जिभेला एका बाईला काक म्हणणं जमेना, म्हणून मी काकी म्हणू लागले. काकीचा अर्थ सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे तुझ्या काकाची बायको? तो काका कुठे आहे?" मी म्हटलं, काका नाहीये, नुसतंच म्हणायचं. "मग चालेल," म्हणाली. मला ती 'अदिक' म्हणे, धाकटी बहीण. आमचं बोलणं अर्धं इंग्रजीत, अर्धं तिने गोडाऊनमध्ये उचललेल्या हिंदीत व्हायचं. इथे मी ते मराठीत लिहिते आहे, पण तुम्ही वाचताना त्यात थोडे दगड घालून वाचा. तिचं हिंदी तसं होतं.

पन्नाशी उलटलेली, ठेंगणी, रुंद खांद्यांची बाई. डोक्यावर रुमाल, अंगात कंपनीचं जॅकेट, पायात गमबूट. नवऱ्याबरोबर इथे आली होती; तो बंदरावर नोकरीला होता. मुलगी शाळेत असताना दोघांचं बिनसलं आणि तो परत गेला. "तुम्ही का नाही गेलात?" मी विचारलं होतं. "तो गेला ना. मला काम होतं," एवढंच उत्तर. मुलगी आता सिंगापूरला नोकरी करत होती.

राहायला ती उम्म अल कुवैनला होती. रोज एक जुना पिकअप चालवत तासाभराने रास अल खोरला यायची. आम्ही अल बर्शात मेट्रोच्या अंतरावर घर शोधणारी माणसं. आम्हाला हे वेडच वाटायचं. पण एका शनिवारी तिने आम्हाला जेवायला बोलावलं तेव्हा कळलं. तिच्या खोलीमागे खाडी होती, खारफुटी होती, भरती आली की पाणी पार कुंपणाशी यायचं. माझ्या मुलीला तिने होडीत बसवलं आणि वल्हं हातात दिलं. मुलगी ओरडली, "आय कान्ट!" काकी म्हणाली, "कान्ट म्हणायचं तर काठावर म्हणायचं. आता तू पाण्यात आहेस."

मी म्हटलं, तुम्हाला अगदी गावाकडच्यासारखं वाटत असेल ना इथे. तिने नाक मुरडलं. "ही खाडी. आत येते आणि परत जाते. माझ्याकडे नदी आहे."

त्या नदीबद्दल तिला विचारावं लागत नसे. तिच्या टेबलावर माणसांऐवजी एका घराचा फोटो होता. लाकडी घर, उंच खांबांवर उभं, पुढे जिना, मागे तपकिरी पाणी. पावसाळ्यात नदी घराखालून वाहायची आणि ही लहानपणी फळीच्या फटीतून गळ सोडून मासे धरायची. शाळेला होडी, दुकानाला होडी, डॉक्टरला होडी. नवरी मुलगीही होडीतून फिरायची, पण सासरी जायला नाही, कारण त्यांच्या भागात नवरा मुलगाच बायकोच्या घरी राहायला येतो. घर आणि वाडवडिलांची जमीन आईकडून मुलीकडे जाते. भांडण झालं तर?

"तर तो पिशवी घेऊन निघतो," काकी म्हणाली. "घर कसं निघणार?"

मी हसले खरी, पण ते हसू पुरतं आलं नाही. त्याचं कारण माझ्याच पर्समध्ये होतं. माझे वडील वर्षापूर्वी गेले होते. गुहागरच्या बाजूला खाडीकाठी त्यांची आठ गुंठे जागा, थोडे माड, पोफळी, त्यांनी बांधलेल्या दोन खोल्या. आई पुण्याला दादाकडे. दादाने हक्कसोडपत्राचा मसुदा पाठवला होता. "फॉर्मॅलिटी आहे गं. कॉन्सुलेटमध्ये जाऊन सही-शिक्का कर आणि कुरियर कर." आमच्याकडे बहिणी सही करतात. माझ्या आत्याने केली होती, मावशीने केली होती. मी दोन महिने तो कागद पर्समधून हिंडवत होते. का, ते मलाही नीट सांगता आलं नसतं.

एकदा जेवणाच्या सुट्टीत मी तो काकीला दाखवला. मराठी तिला कुठलं वाचता येतंय, पण तळहात मात्र पडलाच. मी अर्थ सांगितला. तिने घास संपवला आणि विचारलं, "तुला ती जमीन नको आहे?"

"प्रश्न तो नाहीये, काकी."

"मग कोणता आहे?"

"दादा एकटाच भाऊ आहे. नातं..."

"माझाही एकच आहे," ती म्हणाली आणि डबा बंद करून उठली.

तेव्हा मला माहीत नव्हतं की त्याच दिवसांत तिच्याही घरावर बेतलं होतं. हळूहळू कळत गेलं ते असं. घर तिच्या आजीचं, आईच्या आईचं. पण ते ज्या तुकड्यावर उभं होतं तो पूर्वी शेजाऱ्याचा होता, नुसता तोंडी बोलीवर वापरायला घेतलेला. पुढे काकीच्या वडिलांनी तो रीतसर विकत घेतला आणि मुलाच्या नावावर केला. आता भाऊ क्वालालंपूरला स्थायिक होता आणि नदीकाठी पर्यटकांसाठी हॉटेल काढणाऱ्या एका माणसाला तो तुकडा विकायला निघाला होता. त्या माणसाला जमिनीइतकंच घरही हवं होतं. जुनं, सुंदर, कोरीव खिडक्यांचं. त्यात तो स्वागतकक्ष करणार होता. काकीची ब्याऐंशी वर्षांची आई त्या घरात राहत होती. तिला भाऊ आपल्या चौदाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये नेणार होता.

"लिफ्ट आहे म्हणतो," काकी मला म्हणाली. "माझी आई सकाळी उठून पहिल्यांदा पाणी किती चढलंय ते बघते. चौदाव्या मजल्यावर काय बघेल?"

ती भावाशी गोडीने बोलली. रागावून बोलली. वकिलाशी बोलली. वकील म्हणाला, जमीन त्याचीच, ती तो विकू शकतो. त्या फोननंतर ती शीतगृहात गेली आणि दोन तास बाहेर आली नाही. आली तेव्हा नाक लाल झालं होतं. थंडीने की कशाने, मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या टेबलाशी आली. "जमीन त्याची आहे. घर माझ्या आईचं आहे. बरोबर?"

"बरोबर."

"मग घर घेऊन जाते."

मला ते बोलण्यातलं वाटलं. पण ती अक्षरशः तेच म्हणत होती. नदीच्या वरच्या अंगाला, वळणावर, आईच्या घराण्याची जमीन होती. रबराची झाडं असलेली, उंचावरची, कागदोपत्री बायकांच्याच नावावर. तिकडे घर उचलून न्यायचं. त्यांच्या गावात पूर्वी अशी घरं उचलून नेत. गाव जमायचं आणि खांदा द्यायचं. बऱ्याच वर्षांत कुणी केलं नव्हतं, एवढंच.

ऑफिसात हसू झालं. मॅनेजर म्हणाला, "क्रेन मागव ना, हबीबी!" माझ्या नवऱ्यालाही पटेना. मी काकीबरोबर चार दिवस जायचं म्हटलं तेव्हा तर तो म्हणाला, "तू तिथे काय उचलणार?" मुलगी मोबाइलमधून मान न काढता म्हणाली, "बाबा, लेट हर गो. इट्स अ फ्लाइंग हाउस."

घर उडणार नव्हतं. पण मी गेले.

क्वालालंपूरहून तीन तास मोटारीने, मग एका लहान धक्क्यावरून होडीने. गाडीरस्ताही होता, पण काकी म्हणाली, घरी मी पाण्यावरूनच जाते. नदी फार रुंद नव्हती. दोन्ही काठांवर झाडं पाण्यात वाकलेली, मध्येच कुणाची तरी पायरी, कपडे धुणारी बाई, प्लॅस्टिकच्या डब्यांना बांधलेलं जाळं. जो दिसेल तो काकीला हाक मारून विचारत होता, "उद्याच ना?" ती हात वर करायची.

आई जिन्यावर बसली होती. चिमुकली, सुरकुतलेली, पांढऱ्या रुमालातली. तिने माझा हात हातात घेतला आणि काकीला काहीतरी विचारलं. काकी हसली. "विचारतेय, हिला भूक लागली असेल, आधी जेवायला घालू की आधी घर दाखवू." जेवायला भात आणि नदीतले मासे, हळदीचं पिवळं, नारळाच्या दुधातलं तिखटजाळ कालवण. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत मी ते खाल्लं. आमच्या खाडीवरच्या माशांच्या आमटीची सख्खी बहीण होती ती.

सकाळी माणसं यायला लागली. होडीने, मोटरसायकलवर, चालत. स्वयंपाकघराचा भाग आदल्या दिवशीच सुटा करून नेला होता, भांडी-बिंडी गेली होती. आता मोठं घर उरलं होतं. खांब जमिनीत पुरलेले नव्हते, सपाट दगडांवर नुसते टेकलेले. त्या खांबांना आडवे-उभे बांबू बांधले होते. गावचा म्हातारा सुतार गळ्यात शिट्टी घालून प्रत्येक गाठ ओढून बघत होता. दीड-दोनशे माणसं तरी असतील. बायकाही होत्या. सुतार म्हणाला, बायकांनी चहाकडे बघा. काकीने रुमालाची गाठ घट्ट केली, पुढच्या बांबूखाली जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "चहा घर टेकल्यावर घेऊ." तिच्यामागे आणखी दहा-बारा जणी गेल्या. मीही गेले. माझ्या खांद्याचा कितपत उपयोग झाला असेल ते सोडा.

सगळं तयार झालं आणि आई उतरेना.

मागच्या खिडकीशी चटईवर बसून राहिली. सुताराने विनवलं, काकीने विनवलं. म्हातारी म्हणाली, "याच घरात मी तुला जन्म दिला. तेव्हा नाही उतरले, आता कशाला?" सुताराने डोकं खाजवलं. मग कुणीतरी म्हणालं, चाळीस किलोची तर आहे. खलास. आईसकट घर उचलायचं ठरलं.

"सातू, दुवा, तीगा!"

तीनला घर उठलं. मी बांबूखाली होते, त्यामुळे दिसलं काहीच नाही. फक्त खांद्यावरचं ओझं एकदम जिवंत झाल्यासारखं हललं, आणि वर कुठेतरी जुनं लाकूड कुरकुरलं. पुढे काकीची मान दिसत होती, शिरा ताणलेल्या. पन्नासेक पावलं गेलं की शिट्टी, घर खाली. पाणी प्यायचं, हसायचं, पुन्हा तीगा.

तो रस्ता अरुंद. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला भातखाचरं. घराने तो पुरता भरून टाकला होता. आम्ही पहिल्या मुक्कामावर टेकलो तेव्हा मागून मोटारीचा हॉर्न वाजला. काकीचा भाऊ. तो सकाळीच आला होता, जुन्या घराच्या धक्क्याशी पांढरी गाडी लावून, हॉटेलवाल्याचा माणूस शेजारी बसवून. बहीण खरंच घर उचलते का ते बघायला. बघून झालं, आता त्याला परत जायचं होतं आणि जायला हा एकच रस्ता होता. सुताराने मागे न बघता हात वर केला. थांब.

मग तो थांबला. म्हणजे आमच्यामागून चालीने येत राहिला, कारण दुसरं काही करता येत नव्हतं. पुढे घर, मागे पांढरी गाडी. आणि मागच्या खिडकीत त्याची आई, त्याच्याकडे तोंड करून बसलेली. सगळा रस्ताभर ती दोघं एकमेकांच्या समोर होती. काचेमागे तो, खिडकीत ती. मी मुद्दाम मागे जाऊन पाहिलं. म्हातारी रागावलेली नव्हती. नुसती बघत होती, मुलगा जेवला असेल का याचा अंदाज घेतल्यासारखी.

तिसऱ्या मुक्कामावर तो गाडीतून उतरला आणि खिडकीखाली आला.  आईने वरून केळीच्या पानातली भाताची पुडी खाली दिली. त्याने ती तिथेच, उभ्या उभ्या, घराला टेकून खाल्ली. हात धुवायला पाणी काकीनेच ओतलं. दोघं एक शब्द बोलली नाहीत. त्याने खांदा दिला नाही. तिने मागितलाही नाही. पुडी संपली, तो गाडीत जाऊन बसला आणि पुन्हा मागून येऊ लागला.

विजेच्या तारा आडव्या आल्या तेव्हा वायरमनने शिडीवर चढून त्या बांबूने वर धरल्या. चढणीवर दोन खांब खचले, एकाचा पाय चिरडता चिरडता वाचला, काकी ओरडली, सगळे ओरडले. दुपारी दोनच्या सुमारास घर वळणावर नव्या दगडांवर टेकलं. रस्ता मोकळा झाला आणि पांढरी गाडी निघून गेली. आई खिडकीतून उठली, पुढच्या दाराशी आली, उंबऱ्यावर उभी राहून नदीकडे बघितलं आणि म्हणाली, "इथून जास्त लांबचं दिसतं."

काकी जमिनीवर बसली होती. खांद्याची कातडी सोलवटली होती. मी पहिल्यांदाच तिला रडताना पाहिलं. मी जवळ गेले तर म्हणाली, "बघतेस काय, अदिक? चहा टाक."

दुबईला परतल्यावर आठवड्याने मी दादाला फोन केला.

"दादा, मी सही करणार नाहीये."

"म्हणजे? तुला वाटा हवाय?"

"हो."

 मग तो म्हणाला, "तिकडे बसून तू काय करणार त्या जागेचं?"

"माहीत नाही. पण माझं नाव राहू दे."

आईने फोन घेतला. ती म्हणाली, असं करू नये गं, माहेर तुटतं. मी म्हटलं, आई, तुझं तुटलं नाही? तू तर सही केली होतीस. तिने फोन दादाकडे परत दिला. त्या भाऊबीजेला दादाचा फोन आला नाही. माझा त्याने उचलला नाही. सातबाऱ्यावर आज आईच्या खाली आम्हा दोघांची नावं आहेत. दीड वर्षाने त्याचा एक फोन आला. "वाडीतला पंप बदलायचाय. मालकीणबाईंची परवानगी आहे ना?" टोमणा होता. पण विचारलं होतं. मी म्हटलं, आहे.

काकीने घर नेलं त्याच वर्षी राजीनामा दिला. मॅनेजर म्हणाला, थांब, पगार वाढवतो. ती म्हणाली, "घराला धक्का नाहीये. बांधायचाय." तिला विमानतळावर सोडायला आम्ही तिघंही गेलो. माझ्या मुलीने तिला घट्ट धरलं आणि चक्क मराठीत म्हणाली, "काकी, जाऊ नका." काकीला मराठी येत नव्हतं. तिने तिच्या पाठीवर थोपटलं आणि ढकलगाडी फिरवली.

सुरुवातीला व्हिडिओ कॉल व्हायचे. हॉटेलवाल्याने तुकडा घेतला, पण अजून नुसती पाटी लावली आहे. आई बरी आहे. पूर आला होता, पाणी तिसऱ्या पायरीपर्यंत आलं. मग एक दिवस फोन लागेना. आठवडाभर मी हवालदिल. शेवटी तिच्या शेजारच्या मुलीने कळवलं, काकींचा फोन नदीत पडला. नवा घेणार नाही म्हणतात. ज्याला बोलायचं असेल त्याने यावं.

त्याच मुलीने गेल्या महिन्यात मला एक फोटो पाठवला. होडीत तीन म्हाताऱ्या ओळीने बसल्या आहेत, तिघींच्या डोक्यावर छत्र्या, तिघींच्या मांडीवर प्लॅस्टिकच्या फायली. होडी तालुक्याच्या जमीन कचेरीकडे चालली आहे, मुलींची नावं लावायला. इंजिनाच्या दांड्यावर हात ठेवून काकी मागे बसली आहे. छत्र्यांच्या आड तिचा चेहरा दिसत नाही. ती पुढे बघते आहे.